बारा हिरवे गॉगल आणि एक राखाडी

आमच्या यवतमाळात गॉगल तीनच माणसं घालतात. ज्याचं लग्न ठरलं तो, ज्याचे डोळे आले तो, आणि ज्याचा मोतीबिंदू निघाला तो. पहिला आरशासमोर अर्धा तास उभा राहतो. दुसरा रस्त्यावरूनच हात लांब करून मागतो. तिसऱ्याला कोणी विचारत नाही. शिबिरात पट्टी सुटली की नाकावर हिरवा गॉगल बसतो आणि म्हातारा बाजेवर. विमान उडवायला गॉगल मागणारं गिऱ्हाईक त्या मंगळवारापर्यंत मी पाहिलं नव्हतं.

दुकान आमच्या मियांचं, रहमत चष्माघर. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे फक्त काचा पुसायचं काम होतं. पुसता पुसता नंबर शिकले. कॉलेज नाही, सर्टिफिकेट नाही, एक शिंप्याची टेप आहे. कोणीही आलं की मी आधी विचारते, काम किती लांबून करता? शिंप्याचं काम वीतभर अंतरावर, सोनाराचं त्याहून जवळ, आणि वणीच्या ट्रकवाल्याला पाटी लांबून वाचायची असते आणि चालान जवळून. कोणी सांगतं, कोणी हसतं. मी टेप लावते.

ते लाल्याचं साल होतं. कापसाचं बीटी बियाणं आलं, अळी गेली म्हणून लोकांनी पेढे वाटले होते, आणि पाठोपाठ हे आलं. दसऱ्याआधी हिरवंगार असलेलं कापसाचं वावर आठ दिवसांत पानापानानं लाल व्हायचं. बोंडं राहायची बोराएवढी. ओरड झाली तेव्हा लाल्या कुठल्या कुठल्या गावात आहे हे पाहायला सरकारनं विमान पाठवलं. पायी पाहिलं असतं तर बुटाला माती लागली असती.

विमान यायच्या आधीच्या शनिवारी कलेक्टर ऑफिसातला शिपाई लखीराम दुकानात आला.

"भाभी, बारा गॉगल पायजे. साहेब लोक वरून पाहणी करणार हायेत."

"विमानात बारा माणसं मावतात का रे?"

"आठ मावतात. चार जण खालीच राहून पाहणार हायेत."

मोतीबिंदूच्या शिबिराला गॉगल आम्हीच पुरवतो, त्यातले बरोब्बर बारा उरले होते. मी ते साबणानं धुतले, फडक्यानं पुसले, आणि माझ्याच तोंडानं म्हणाले, "हिरवे घेऊन जा, डोळ्याले थंड वाटते." हे वाक्य मी अजून विसरलेली नाही.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर इंदुताई. बोरी अरब गावची माझी जुनी मैत्रीण, पहिल्या एसटीनं आलेली. चष्म्याची काडी ढिली झाली हे निमित्त.

"सुग्राबी, आमी पेरलंच नाही म्हणते वो!"

"कोण म्हणते?"

"सरकार! काल विमान फिरलं आमच्यावरून. संध्याकाळी कोतवाल सांगून गेला, लिवलं म्हणे, बोरी अरब, शिवार काळं, जमीन रिकामी, पेरणी नाही. मंग मी जूनपासून वावरात काय फुगडी खेळून राह्यली का?" तिनं पिशवीतून एक पान काढून काउंटरवर आपटलं. कुंकवासारखं लालभडक. "हे घे. जे पेरलंच नाही त्याचं पान."

"आता?"

"आज तीन वाजता अजून एक चक्कर हाये, शेवटची. आज दिसलं तर गाव यादीत. नाही दिसलं तर यादी बंद, अन् आमी बी."

तेवढ्यात दारात एक उंच माणूस आला. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. इंदुताईनं त्याला खालून वर पाहिलं.

"कोणत्या बँडात हायेस रे बाबा?"

"विमान चालवतो, मावशी."

"मंग तूच सांग, आमी पेरलं का नाही?"

तो गोंधळला. त्यानं काउंटरवर एक गॉगल ठेवला, मधोमध दोन तुकडे झालेला. "मॅडम, हा नंबरचा आहे. साहेब याच्यावर बसले."

"लय जाड आहेत का साहेब?"

"साहेब बारीक आहेत. पद जाड आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या लायसनवर लिहिलेलं आहे की चष्म्याशिवाय उडवायचं नाही. दुपारी पश्चिमेला जाताना सूर्य समोर येतो, म्हणून काळा लागतो. "तीन वाजता उडायचं आहे, आणि अंधाराच्या आत साहेबांना इथं उतरवून नागपूरला निघायचं. आपल्या धावपट्टीवर दिवे नाहीत."

"आपल्या?" मी म्हटलं. "कुठचे तुमी?"

"दारव्ह्याकडचा. तांड्यावरचा. देवसिंग." आणि तिथून त्याची शहरी मराठी जी खाली उतरली ती उतरलीच. "भाभी, आता लाज तुमच्या हातात हाये. मले खाली ठेवू नका."

मी माळ्यावरचा सगळा माल काढला. त्यानं पहिला हात घातला आरशासारख्या चकचकीत गॉगलला. वय कितीही असो, पुरुषाचा हात तिथंच जातो. ती काच पोलरॉइड होती. त्यानं स्वतःच ती माझ्या मोबाइलसमोर धरून आडवी-उभी फिरवली, तर मोबाइलचा पडदा मध्येच काळाठिक्कर. "पाहा. माह्या समोरचे पडदे असेच गायब होतात. चालत नाही." उन्हात आपोआप काळी होणारी काच दाखवली, तर म्हणाला, विमानाच्या काचेच्या आड ती काळी होतच नाही. रुंद काड्यांची फ्रेम दिली, तर कानावर हेडफोन बसतो, काडी टोचते. पातळ काडी, साधी काच.

"अन् रंग?"

"राखाडी. लाल दिवा लाल दिसला पायजे, हिरवा हिरवा. नाहीतर आमची पंचाईत."

"हिरवी काच डोळ्याले थंड असते," मी सवयीनं म्हणाले, आणि शिबिराच्या डब्यात तळाशी पडलेली एक सुटी हिरवी काच त्याला दिली. त्यानं गंमत म्हणून ती डोळ्यासमोर धरली, इकडेतिकडे पाहिलं, मग काउंटरवर पाहिलं.

"भाभी, इथलं लाल पान कुठं गेलं?"

"तिथंच आहे."

"इथं तर काहीतरी मातीसारखं पडलं हाये."

मी काच त्याच्या हातातून घेऊन स्वतः पाहिलं. लाल पान काळपट तपकिरी झालेलं, नांगरलेल्या जमिनीसारखं. इंदुताईनंही पाहिलं.

"काल सगळे साहेब असलेच घालून बसले होते," देवसिंग हळूच म्हणाला. "मी म्हटलं, साहेब, खाली लाल दिसते. तर म्हणे, कॅप्टन, तुम्ही समोर पाहा."

इंदुताई माझ्याकडे पाहत होती. "हे गॉगल त्यायले कोणं दिले वो?"

"मी दिले," मी म्हणाले. "माझ्याच हातानं. धुऊन."

तिनं ते पान माझ्यापुढं सरकवलं. मी मनाशी ठरवलं, तीन वाजायच्या आत याच्या डोळ्यावर राखाडी काच चढली पाहिजे आणि त्या आठांच्या डोळ्यावरून हिरवी उतरली पाहिजे.

पण आधी कॅप्टन. जुन्या नंबरच्या काचा लावल्यावर लांबची अक्षरं त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. जवळचा कागद दिला तर हात लांब करू लागला. अजून लांब. हात संपला, तरी अक्षर लागेना.

"किती वय?"

"त्रेचाळीस."

"चाळीशी लागली तुमाले."

"मले? नाही हो. उजेड कमी हाये इथं."

"मंग विमानातले काटे कसे वाचता?"

तो खाली मान घालून काड्या उघडमीट करत राहिला. "दोन महिने झाले, अंदाजानं वाचतो. डॉक्टरले सांगतलं नाही. भाभी, तांड्यावरून निघून इथवर पोचलो. चष्मा दुहेरी झाला की लोक म्हाताऱ्यात काढतात."

"दुहेरी काच असेल तर उतरता येते. अंदाजानं उतरलात तर म्हातारपण येतच नाही." मी टेप उचलली. "चला. तुमचं काम किती लांबून चालते ते पाहू द्या."

आमच्या मियांनी स्कूटर काढली, मी मागं, देवसिंग जीपमध्ये. धावपट्टीवर तेव्हा साहेब लोक नव्हते, ते विश्रामगृहात नाश्त्याची पाहणी करत होते. बुरख्याचा घोळ आवरत मी शिडीवरून आत चढले. देवसिंगला त्याच्या जागेवर बसवला, साध्या काचेची फ्रेम नाकावर ठेवली, आणि डोळ्यापासून काट्यांपर्यंत टेप लावली. अडीच फुटाला दोन बोटं कमी. पुस्तक वाचायची चाळीशी इथं कामाची नव्हती. तिच्यापेक्षा हलका नंबर हवा. मग समोरची काच जिथं संपते आणि काटे सुरू होतात, तिथं त्याच्या फ्रेमवर स्केचपेननं रेघ मारली.

"ह्या रेघेच्या वर आभाळ, खाली काटे. मान हलवायची नाही, नजर हलवायची."

"लोकाले रेघ दिसेल?"

"रंगात लपेल. आणि लोक तुमच्या तोंडाकडे पाहायले वर येणार हायेत का?"

दहा ते दोन आमच्या पेठेत भारनियमन. मियांनी काचा हाताच्या सहाणेवर घासल्या, स्टोव्हवर रंगाचं पाणी उकळलं आणि काचा त्यात सोडून घड्याळाकडे पाहत बसले, जसा कोणी अंडी उकडतो. इंदुताई समोर बसून वारा घालत होती. काचांना की मियांना, ते तिलाच माहीत.

अडीचला आम्ही परत धावपट्टीवर. मंडपाखाली बारा साहेब रांगेत बसलेले, बाराही जणांच्या डोळ्यावर माझे हिरवे गॉगल. शिबिराचा दुसरा दिवसच जणू. फक्त मोसंबी वाटायची बाकी होती.

देवसिंगनं चष्मा घातला, विमानात जाऊन बसला, आणि कितीतरी वेळ समोर पाहत राहिला. मग खिडकीतून मला हात केला. पुरुष रडायचं नसलं की असाच हात करतो.

मी मोठ्या साहेबांसमोर गेले. "साहेब, चूक माझी आहे. हिरव्या काचेतून लाल दिसत नाही. हे पान पाहा, बोरी अरबचं आहे."

साहेबांनी गॉगलमधूनच पाहिलं. "मातीच्या रंगाचं आहे."

"आता गॉगल काढून पाहा."

"काढता येणार नाही, बाई. हे पाहणीचं साहित्य आहे."

"फायलीत हाये, भाभी," लखीराम हळहळून म्हणाला. "'गॉगल लावून पाहणी करण्यात आली' असं लिवलं हाये."

"सोमवारी एका पद्धतीनं पाहायचं आणि मंगळवारी दुसऱ्या," साहेब समजावून सांगू लागले, "तर अहवालात एकवाक्यता कशी राहील?"

तीनला दहा कमी. इंदुताई तारेच्या कुंपणाबाहेर पदर घट्ट धरून उभी. खरं सांगून झालं होतं, आणि खरं साहेबांच्या नंबरला बसत नव्हतं.

"बरं साहेब, तुमची मर्जी," मी म्हणाले. "एवढंच विचारते, डोळ्यात खाजबिज नाही ना?"

"का?"

"काही नाही. शिबिरातले उरलेले गॉगल आहेत. पेशंट घालून पाहतात, बसला तर ठेवतात, नाही तर डब्यात परत. आणि सध्या लोहारा गावाकडे डोळ्यांची साथ आहे म्हणतात. बाकी काही नाही."

एक शब्द खोटा नव्हता. साबणानं धुतले होते, तेवढं फक्त सांगायचं राहिलं.

बारा गॉगल एका दमात उतरले. जे चार वर जाणारच नव्हते, त्यांचेही. साहेबांनी आपला दोन बोटांत उंदरासारखा धरला. "लखीराम, हे जमा करा!"

"फायलीत काय लिवू, साहेब?"

"साहित्य निकामी झालं, असं लिहा. पाणी आणा. डोळे धुवायला."

डोळे धुऊन, मिचकावत, आठजण विमानात चढले. विमान उडालं, पश्चिमेला वळलं आणि लहान होत गेलं. देवसिंगनं नंतर फोनवर सांगितलं ते असं: दारव्हा ओलांडल्यावर त्यानं कोणाला न विचारता विमान खाली घेतलं, बोरी अरबवर दोन फेऱ्या मारल्या. मागं कोणीतरी विचारलं, "हे खाली लाल काय आहे?" तो म्हणाला, "साहेब, मी समोर पाहून राह्यलो. तुम्हीच सांगा."

दिवाळीनंतर इंदुताई कागद घेऊन दुकानात आली. चष्म्याची काडी मी घट्ट केली होती, तरी तिनं वाचायला मलाच दिला. बोरी अरब यादीत होतं. खाली शेरा होता: सोमवारी सदर शिवारात पेरणी आढळून आली नाही. मंगळवारी सदर शिवारात संपूर्ण लाल्या आढळून आला. रोगाचा वेग असाधारण असल्याने अभ्यासासाठी समिती नेमावी.

"म्हणजे एका दिवसात पेरलं, उगवलं, वाढलं अन् लाल झालं?" इंदुताई म्हणाली. "बाप्पा! लय कसदार निघाली वो माही जमीन." आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला. मी तिला साखर जास्त टाकून चहा दिला.

समिती मार्चमध्ये येणार होती. मार्चमध्ये वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या असतात, त्याही चुलीत गेल्या नसल्या तर. फेब्रुवारीत लखीराम परत आला.

"भाभी, समितीसाठी बारा गॉगल. हिरवे नको म्हणते साहेब. कॅप्टनसारखे पायजे."

मी टेप काढली. "काम किती लांबून करतात साहेब?"

लखीरामनं डोकं खाजवलं. "आता काय सांगू, भाभी. लय लांबून करतात."

"मग माझी टेप नाही पुरायची," मी म्हटलं. "त्यांना म्हणा, एकदा बोरी अरबला इंदुताईच्या वावरात जाऊन उभे राहा. तिथून इकडे या. मग माप घेते."

तो गेला. अजून कोणी आलेलं नाही. राखाडी रंगाची डबी मी फडताळात हाताशी ठेवलेली आहे.