अक्कांचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे. सॉफ्टबॉलचा चेंडू झेलताना हातात घालतात, तो चामड्याचा ग्लोव्ह. कर्नाटकातल्या मुडबी गावच्या शाळेत निलम्मा अक्का खेळ शिकवायच्या. माझं सारं आयुष्य त्यांच्या डाव्या हातात गेलं.

अक्का हा खेळ गुलबर्ग्याला कॉलेजात शिकल्या होत्या. १९९३ साली त्यांनी गावात मुलींचा संघ उभा केला. आमच्या भागात ग्लोव्ह विकत मिळत नव्हते, म्हणून बसवकल्याणला चपला शिवणाऱ्या मल्लप्पांसमोर बसून त्यांनी मला शिवून घेतलं.

"पोरी असलं कामून खेळायल्यात?" लोक विचारायचे.

"या की बघायला," अक्का म्हणायच्या.

लोक आले. संघ जिल्ह्यात पहिला आला, तेव्हा दसऱ्याला माझीही पूजा झाली.

पुढे घरंच्या घरं पुण्याकडं बांधकामावर जाऊ लागली. २००३ साली राज्य स्पर्धेला जेमतेम नऊ मुली उरल्या. स्पर्धा आठ दिवसांवर आली आणि चेंडू फेकणाऱ्या मंगलचं घरही निघालं. अक्का मला हातात घेऊनच बस स्टँडवर मंगलच्या बापाकडे धावल्या.

"काशाप्पा, आठ दिस पोरीला माझ्याकडं ठेव."

"कसं ठेवू अक्का? हिची आय आजारी हाय. धाकट्याला कोण बघंल?"

अक्का मंगलकडे वळल्या. "तू तरी बोल की!"

मंगलनं धाकट्या भावाला कडेवर उचलून घेतलं.

"जा मग! पुन्हा मला तोंड दाखवू नको."

बस गेली. अक्का कितीतरी वेळ तिथंच उभ्या होत्या.

बंगळूरला आठच मुली मैदानात उतरल्या. नऊ नाहीत म्हणून पंचांनी सामना समोरच्या संघाला दिला. परतीच्या गाडीत कुणी डबा उघडला नाही.

त्यानंतर संघ पुन्हा जमला नाही. अक्का मात्र रोज संध्याकाळी मला घेऊन मैदानावर जात. कधी चार मुली येत, कधी एक. एक आली तरी अक्का तिला शिकवत.

२०११च्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी धाकट्या बहिणीला, धनलक्ष्मीला, म्हणाल्या, "मंगल भेटली तर सांग, माझा राग न्हाई. चूक माझीच होती. लेकरू काय बोलणार होतं?"

चार दिवसांनी अक्का गेल्या. धनलक्ष्मीनं गावभर विचारलं, पण पुण्यात मंगल कुठं राहते हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मला तेल लावा, ओलीपासून जपा, असं मी सांगणार होतो. ते राहू द्या. काशाप्पाची मंगल कुठं भेटली, तर तिला अक्कांचा निरोप तेवढा सांगा.