अकराचा भागाकार

प्रभाकररावांना त्या संख्येचा आता वीट आला होता. नऊ वर्षं कोण एका संख्येच्या मागे लागतं, सांगा! बारा आकडी संख्या, एकानं सुरू, एकानंच संपणारी. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. पुलगावच्या मिलमधून दोघं रिटायर झाल्यावर दोस्त चिंधूनं ती कागदावर मांडली अन् म्हणाला, "हिले कोनीच भागत नसन तं?" झालं! तेव्हापासून रोज दुपारी चिंधूच्या ओसरीवर दोघांनी एकेक लांबलचक भागाकार करायचा. तीन आणि सातनं संपणाऱ्या मूळ संख्यांनी प्रभाकररावांनी भागायचं, एक आणि नऊनं संपणाऱ्यांनी चिंधूनं. एकमेकांची वही तपासायची नाही, हा करार. तपासली तर दोस्ती कसली?

साठ हजारापर्यंत मजल गेली होती. गुडघे बोलत होते, डोळ्यांपुढे शून्यं नाचत होती. पण संख्या कशानंच न भागता अभंग निघाली, तर जन्मात एक तरी काम आपण धड केलं म्हणता येईल, एवढ्याच आशेवर ते जात होते.

त्या दिवशी नात आचल वही बघून हसली. "आबाजी, आकड्यांची संख्या सम असली की अशी उलटसुलट सारखी संख्या अकरानं जातेच! ४५५४ घ्या. अकरा गुणिले चारशे चौदा."

प्रभाकररावांनी आपली बारा आकडी संख्या हातानं अकरानं भागून पाहिली. बाकी शून्य.

अकरा म्हणजे चिंधूची वाटणी. पण चिंधू चुकेल? भागाकारात त्याचा हात धरणारा मिलमध्ये कोणी नव्हता. भर उन्हात चपला फरफटत ते त्याच्या घरी गेले.

"चिंधू, अकराचा भागाकार दाखव."

चिंधूनं सगळ्यात जुनी वही काढली. पहिलंच पान. बाकी शून्य. खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"तुले मालूम होतं?"

"पयल्याच दिवशी."

"अन् मले नऊ वर्सं बैलावानी जुंपलं! काऊन नाई सांगतलं बे?"

"सांगनार होतो. पन दुसऱ्या दिवशी तू नवी वही घिऊन घंटाभर आधीच आलता. माही घरवाली जाऊन तवा महिनाच झालता. घर मले खायले उठे. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता..."

प्रभाकररावांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. रडूही आलं. एवढी मरमर, आणि सगळी पाण्यात! ते उठले आणि दारापर्यंत गेले. घरी जायचं त्राण नव्हतं, मागे वळायचंही नव्हतं. ते चौकट धरून उभे राहिले.

"तेरा आकडी मांड," ते पाठमोरेच म्हणाले. "अन् अकरा मी करीन."