चोवीस मिनिटांचा तीस

मित्रांनो, माझं नाव शून्य तीन शून्य. दिसतो तीस, पण आहे चोवीस! वैताग येणार नाही तर काय होईल? आमच्या जुन्या संगणकभाषेचा नियमच तसा आहे. आकड्याच्या आधी शून्य आलं की ती दहाऐवजी आठाने मोजते. माझ्यातला तीन म्हणजे तीन दहा नव्हे, तीन आठ. आठ त्रिक चोवीस. तसं मोजायचं असेल तर मोजा बापडे, पण निदान दिसेल अशी खूण तरी ठेवा!

माझा जन्म एका टापटीप इंजिनीअरच्या हातून झाला. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी तो सूचना लिहीत होता. वर एकशे एकवीस अंश, खाली तीस मिनिटं. खालचा आकडा आखूड दिसला, म्हणून रांग सरळ करायला पठ्ठ्याने पुढे एक शून्य चिकटवलं. झालं, सहा मिनिटं गेली! भाषेने हूं की चूं केलं नाही.

यंत्र सांभाळायला एक वयस्कर सिस्टर होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पाहून त्या वहीत वेळ लिहीत. हत्यारांसोबत एक पट्टी ठेवत, पुरेशी वाफ मिळाली की तिचा रंग बदले; एकदा तो नीट बदलला नाही. मोठ्या डॉक्टरांनी वही उघडली तर रोज चोवीस मिनिटं!

"मी दार लवकर उघडत नाही. यंत्रच थांबतं," सिस्टर म्हणाल्या.

इंजिनीअरला बोलावलं. त्याने माझ्यावर बोट ठेवलं. "सिस्टर, तीसच लिहिलंय. तुम्हीच बघा."

मी आतल्या आत जळत होतो, पण मला कुठलं तोंड! बावीस वर्षांची नोकरी झालेल्या त्या बाईंना चादरी मोजायला पाठवलं.

पुढच्या आठवड्यात नव्या सिस्टरच्या वहीतही चोवीसच आलं. तेव्हा कुठे इंजिनीअरचे डोळे उघडले. त्याने मला काढून साधा तीस बसवला आणि थेट चादरींच्या खोलीत गेला.

"माफ करा, सिस्टर. चूक माझी होती."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. "हे मला नका सांगू. ज्यांच्यासमोर मला खोटं ठरवलंत, त्यांच्यासमोर सांगा."

तो गेला आणि सगळ्यांसमोर बोलला. सिस्टर यंत्रावर परतल्या. पण आता त्या वेळ लिहिली की शेजारच्या कुणाची तरी सही घेतात.

मित्रांनो, मी त्या सूचनांच्या जुन्या प्रतीत पडून आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी नवी भाषा घडवेल. आठाने मोजायच्या आकड्यांना ठळक, वेगळी खूण द्या. आणि नुसतं शून्य लावून मी आलो, तर मला दारातच अडवा. एका खऱ्या बाईला मी खोटं पाडलं. ते माझ्याकडून पुन्हा करवून घेऊ नका.