आंबट वास

गाडी पाहिली तेव्हाच पळून जावंसं वाटलं. मटणाच्या दुकानांतली हाडं, चरबी आणि पिशव्यांतून गळणारं काय काय गोळा करून कारखान्यात नेऊन ओतायचं, हे काम. पण बायको आणि मी मेहुण्याच्या मागच्या खोलीत राहत होतो. रोज जेवताना तो तोंडभर घास घेऊन विचारायचा, "काय भावजी, लागलं का कुठे?" आणि माझा घास तोंडातच फिरायचा. त्या प्रश्नापेक्षा हाडं बरी, असं म्हणून मी रुजू झालो.

ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, "शिकवायला उस्ताद आहे. तो हो म्हणाला की तू पक्का."

उस्ताद म्हणजे एक किळसवाणा प्रकार होता. ज्या हाताने गाडीवरच्या टाकीची कडी काढायचा, त्याच हाताने डबा उघडायचा. बोटं चाटून झाली की स्टिअरिंगला पुसायचा, आणि मग म्हणायचा, "घे, चालव." ते चिकट चाक धरताना माझ्या अंगावर काटा यायचा. खिडकीबाहेर मान काढून मी गिअर बदलायला शिकलो, ओकारी दाबत गाडी मागे घ्यायला शिकलो. घरी येऊन साबणाने अंग खरवडून काढायचो, तरी बायको उशी घेऊन भिंतीकडे सरकायची.

त्याची एक रीत मात्र माझ्या डोक्यात जायची. टाकी भरली की तो मला मागच्या दारापाशी उभा करायचा आणि दाराच्या रबराजवळ नाक न्यायला लावायचा.

"साधा की आंबट?"

रबराला चीर गेली की आतलं पाणी तिथे साचून आंबतं, थेंब दिसायच्या आधी वास बदलतो, असं तो सांगायचा. मला ते थोतांड वाटायचं. नवीन माणसाची जिरवायची दुसरी काय युक्ती असणार? मी नाक मुरडत सांगायचो, "साधाच," आणि पाठ फिरवून थुंकायचो. उस्ताद खूश व्हायचा. माझ्या थुंकण्यावर त्याचा फार विश्वास होता.

ज्या दिवशी तो साहेबांना हो की नाही सांगणार होता, त्या दिवशी मी दारापाशी वाकलो आणि मला कसलाच वास आला नाही. पुन्हा श्वास ओढून घेतला. तरी नाही. मला इतका आनंद झाला की विचारू नका. सुटलो एकदाचा, सवय झाली. पण सवय झाली म्हणून सांगितलं तर हा पुन्हा दहा वेळा वाकायला लावील. म्हणून मी रोजच्यासारखं नाक मुरडलं, थुंकलो आणि म्हणालो, "साधाच."

चौकातल्या सिग्नलला खिडकीवर थाप पडली. स्कूटरवरची एक बाई ओढणी तोंडाला गच्च धरून ओरडत होती, "अहो, मागे काय सांडत चाललाय? माझं चाक घसरलं. पडता पडता वाचले मी."

गाडी कडेला घेतली. दाराखालून तेलकट पाण्याची धार लागली होती आणि मागे वळणापर्यंत रस्ता चकचकत होता. मी धारेखाली तळहात धरला, नाकाशी नेला. नुसत्या पाण्यात बुडवल्यासारखा बिनवासाचा हात. बाई चार पावलं दूर उभी राहून रस्त्याच्या कडेला ओकत होती.

"उस्ताद, मला येत नाही वास," मी म्हणालो. "सकाळीच येत नव्हता."

उस्ताद खाली बसला. त्याने माझं मनगट धरलं, तोच तळहात स्वतःच्या नाकाला लावला आणि बराच वेळ हुंगत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला तर कित्येक वर्षं येत नाही. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील. म्हणून तर तुझ्यासारखा नाजूक माणूस घेतला रे."

त्याचा मला संताप यायला हवा होता. पण तो हात सोडेना आणि मलाही काढून घ्यावासा वाटेना, याचीच मला शिसारी आली.

"आज तुला हो सांगतो," तो म्हणाला. "तू पण काही बोलू नकोस."

बाई तोंड पुसत आमच्याकडे बघत होती. मी तिच्यापाशी गेलो आणि विचारलं, "ताई, जरा सांगता का, वास साधा आहे की आंबट?"