परत न आलेलं नाव

दिग्विजयने केबलमधला एक काचेचा धागा मीटरला जोडला. आकडा व्यवस्थित उमटला. दुसरा जोडला, तर मीटर मख्ख. त्याने टोक पुसून पुन्हा जोडून पाहिलं आणि शेजारी उकिडव्या बसलेल्या गुंडाकडे न बघताच तो म्हणाला,

"खालून वर निरोप येतोय. वरून खाली जात नाही."

विट्याच्या पुढच्या माळावर पाणी चढवणाऱ्या योजनेचं हे वरचं पंपहाऊस, आणि गुंडा इथला ऑपरेटर. अकरा दिवसांपूर्वी केरबा फिटर पाइपात उतरला असताना दोन किलोमीटर खालच्या पंपहाऊसवाल्यांनी पंप सुरू केले. केरबाचं प्रेतच हाती लागलं. 'आत माणूस आहे' हे बटण गुंडाने दाबलंच नाही, असं जो तो म्हणत होता, कारण खालच्या कॉम्प्युटरवर त्या निरोपाची नोंदच नव्हती. गुंडाला कामावरून घरी बसवलं होतं; आज केबल दाखवायला तेवढं बोलावलं होतं. पोलीस ही निरोपांची यंत्रणा सांभाळणाऱ्या दिग्विजयच्या अहवालासाठी थांबले होते.

"मी दाबलं हुतं, सायेब."

"दाबलं होतंस. अकरा वाजून चार मिनिटांनी. इथल्या मशीनमध्ये नोंद आहे."

गुंडाने डोक्याची टोपी काढून तोंडावर धरली. बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले.

"पर स्विचवरचा दिवा तर हिरवा हुता की वं," तो शेवटी म्हणाला.

"हिरवा राहणारच की रं. खालचं तुला ऐकू येत होतं ना! दोन्हीकडचे स्विच, म्हणजे हे निरोप पोचवणारे डबे, सारखे एकमेकांना हाका मारतात. मी अमका, आणि मला तुझी हाक आली. समोरच्याच्या हाकेत आपलं नाव परत आलं नाही, की समजायचं, आपलं तिकडं पोचत नाही. मग स्विच आपणहून ती वाट बंद करतो. दिवा विझतो."

"मग का न्हाई विझला?"

"बघावं लागेल."

बघायचं काही नव्हतं. मार्चमध्ये टोकांवर धूळ बसून ती वाट वरचेवर बंद पडायची, आणि दरवेळी त्याला उंब्रजहून गाडी हाणत यावं लागायचं. एका दुपारी वैतागून त्याने स्विचची ती हाकांची तपासणीच बंद करून टाकली. मग तक्रारी थांबल्या, वरिष्ठांनी पाठही थोपटली. केरबा गेल्यापासून मात्र त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

धागा चारशे मीटरवर तुटला होता. दोघं केबलच्या चराने चालत गेले. पडीक रानात मेंढ्यांच्या लेंड्या पसरल्या होत्या. दिग्विजयने खुरप्याने माती उकरली. केबलच्या अंगात एक भोक होतं, बोटाएवढं, वरून खाली गेलेलं.

"इथं मेंढरं कुणी बसवली?"

गुंडा खाली बसला. त्या भोकावरून त्याने अंगठा फिरवला.

"आमच्या बानं, आबांनी. वाघराची, मेंढरांभवती लावायच्या जाळीची, मेख हाय ही. सगळा माळ खडकाचा, चर खणलेला तेवढीच माती मऊ. मेख गपकन जाती." त्याने अंगठ्याची माती झटकली. "मीच म्हणलं हुतं, हितं जाळी लावा."

वारा सुटला होता. गुंडाने टोपी पुन्हा डोक्यावर बसवली.

"सायेब, ही मेख लिवू नगा. आबा सत्तरीच्या फुडं हायती. दारात पोलीस आला तर जीव सोडतील. लिवा, गुंडानं बटण दाबलंच न्हाई."

"अरे, तुला आत टाकतील!"

"टाकूद्यात. केरबाची बायकू साळूबाई मला रोज शिव्याशाप देतीया. मेखेचं कळलं तर माझ्या बाला देईल."

सांगून टाकावं, असं दिग्विजयला फार वाटलं. मेख लागली तरी केरबा वाचला असता. तपासणी चालू असती तर दिवा विझला असता, आणि गुंडाने त्याला पाइपात पाऊल टाकू दिलं नसतं. दोष म्हाताऱ्याचा नव्हता, याचाही नव्हता. हे सगळं त्याच्या ओठांवर आलं, आणि नोकरी डोळ्यांपुढे आली. त्याला स्वतःची किळस आली.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतोस तसं लिहितो."

गुंडाने वाकून त्याचे पाय धरले.

"लय उपकार झालं. पर सायेब, ह्यात तुमच्यावर तर काय यायचं न्हाई न्हवं?"

"नाही," दिग्विजय म्हणाला.