नवमीचा पंप

क्लबच्या पोहण्याच्या तलावाचा पंप माझ्या लग्नाआधीपासून तिथं आहे, म्हणून मी त्याला थोरली म्हणते. थोरली सवत. माझे यजमान चंपतराव त्या पंपाचे ऑपरेटर, आणि पंपघराला लागून असलेल्या दोन खोल्यांत आमचा संसार. नागपुरात सिव्हिल लाइन्सचा पत्ता सांगितला की इतवारीतल्या माझ्या नणंदेचे डोळे मोठे होतात. तिला कुठं ठाऊक, की या पत्त्यावरून मला दोन दिवससुद्धा हलता येत नाही!

कारण सांगते. तलावातलं पाणी ओढायचं, वाळूतून गाळायचं आणि परत तलावात सोडायचं, हे पंपाचं काम. पण पंप आतून रिकामा असला तर पाणी ओढत नाही. आधी त्याच्या डोक्यावर नरसाळं लावून बादलीनं पाणी भरायचं, मग मोटर सुरू करायची. चांगल्या पंपात भरलेलं पाणी टिकतं. थोरलीत इकडून ओता, तिकडून गळतं. चंपतराव एकटेच ओतून भिंतीवरच्या खटक्याकडे वळले, की तेवढ्यात पाणी उतरलेलं असतं. म्हणून मी ओतत राहायचं आणि त्यांनी खटका ओढायचा. सकाळी, दुपारी, मध्ये लाइन गेली की पुन्हा. क्लबच्या माळ्याला तिथं एकदा शॉक लागला, तेव्हापासून तो पंपघराच्या दाराशी उभा राहत नाही. दुसरा माणूस मागितला तर सेक्रेटरी मधुकरराव हसून म्हणाले, "क्वार्टर दोघांना दिलंय ना, चंपतराव?" थंडीत त्या तलावात कुत्रं उतरत नाही, तरी पाणी फिरवावंच लागतं, नाहीतर शेवाळ धरतं.

चौऱ्याहत्तर साली दिवाळीनंतर माझ्या माहेरी पारशिवनीला डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. माझी आई पंचफुला मोतीबिंदूनं जवळजवळ आंधळी झाली होती. चुलीशी बसून तिनं पदर जाळून घेतला होता. ऑपरेशननंतर महिनाभर पडून राहायचं, डोळ्यांत औषध घालायला हाताशी माणूस पाहिजे. भावजय वारलेली, भाऊ बळीराम दिवसभर शेतात. नागपूरला माझ्याकडे ये म्हटलं, तर आई म्हणाली, "जावयाच्या घरी महिनाभर खाटेवर पडू? त्यापेक्षा आंधळी बरी." आणि शिबिराचंही तिनं साफ सांगितलं होतं, "रुखमा येत असन तरच मी टेबलावर निजीन."

पंप बदलला तर मी मोकळी होणार होते. क्लबच्या कमिटीत सालभर खल चालला होता, दुरुस्त करावा की नवा घ्यावा. शेवटी ठरलं, चंपतराव म्हणतील तसं. खंडेनवमीला आम्ही पूजेला येऊ, तेव्हा सांगा, असं मधुकररावांनी त्यांना कळवलं.

आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "अजी, उद्या काय सांगनार तुमी?"

"सांगाचं काय आहे त्यात? भंगार झाला म्हनतो. तू जाय खुशाल मायजवळ."

मी त्याच वेळी बोचकं बांधायला घेतलं. इतकी खूश झाले, की थोरलीची शेवटची पूजा म्हणून सकाळी शिऱ्यात तूप सढळ घातलं. नवमीला यंत्राला विसावा. त्या दिवशी त्याला राबवायचं नाही, पानाही लावायचा नाही. मी पंप धुतला, हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा हार घातला. लाल-पिवळी झालेली थोरली नवरीसारखी दिसत होती. मला हसू येत होतं.

मधुकरराव दोन मेंबरांना घेऊन आले. नारळ फुटला. "बोला चंपतराव," ते म्हणाले, "दुरुस्ती की नवा?"

चंपतरावांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी पंपाकडे पाहिलं. मी शिऱ्याचं ताट घेऊन उभी होते. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"चालते साहेब अजून," ते म्हणाले. "गळती काढून घेऊ. दुरुस्त होईन."

"झालं तर मग!" मधुकररावांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "आणि पाणी ओतायला वहिनी आहेतच."

सगळे हसले. ताट फेकून मारावंसं वाटलं मला. मी सगळ्यांना शिरा वाढला.

मंडळी फाटकाबाहेर गेल्यावर मी चंपतरावांपुढं उभी राहिले. "काहून केलं असं?"

"आजच्या दिवशी वं," ते म्हणाले. "हळदकुंकू लावलं, हात जोडले, अन् त्याच्याच तोंडावर भंगार म्हनू? पोळ्याच्या दिवशी बैलापुढं कोनी कसायाचं नाव घेते का?"

"अन् माही माय?"

त्यांनी मान खाली घातली. "उद्या सोनं द्याले जातो साहेबाकडे. उद्या सांगून टाकतो."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं, म्हणूनच जास्त चीड आली. न कळणाऱ्या माणसाशी निदान मनासारखं भांडता येतं.

दसऱ्याला ते टोपी घालून आपट्याची पानं घेऊन गेले. परत आले ते पायरीवरच बसले. मी पाणी दिलं, ते प्याले नाहीत.

"सांगितलं?"

"सांगितलं. साहेब म्हने, काल पूजेत हात जोडून म्हणालात चालतो, आज म्हणता भंगार. काल देवासमोर खोटं बोललात की आज माझ्यासमोर बोलताय?"

"मंग?"

"मंग काय? देवासमोर खोटं बोललो, असं म्हनू?" ते म्हणाले. "म्हटलं, नाई साहेब. देवासमोर खरंच बोललो."

आपल्याच हातानं आपल्याला कोंडायचं आणि वर कडी कशी घालायची, हे यांच्याकडून शिकावं.

लकडगंजहून मिस्त्री आला. त्यानं वेल्डिंग केलं, वायसर बदलले. गळती निम्म्यावर आली. म्हणजे आता मला अर्धी बादली कमी ओतायची. पण ओतायला अर्धं माणूस चालत नाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी बळीराम मला न्यायला आला. पंप अजून सुरू व्हायचा होता. "चाल अक्का, बस निघून जाईन," तो म्हणाला. "मी थांबलो असतो इथं, पन कापूस फुटून राहिला."

"जाय तू," चंपतराव मला म्हणाले. "मी पाहतो."

"एकट्यानं होनार नाई."

"होईन. जाय म्हनतो ना."

त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. मी बोचकं उचललं आणि बळीरामाच्या मागं निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा मागून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग त्यांची धावती पावलं, मग खटका. मोटर कोरडी किंचाळली. खटका बंद. पुन्हा पाणी, पुन्हा धावणं, पुन्हा तेच किंचाळणं. छप्पन वर्षांचा माणूस ओल्या फरशीवर इकडून तिकडे पळत होता, आणि पडला असता तर उचलायला तिथं कोणी नव्हतं.

मी बोचकं बळीरामाच्या हातात दिलं. "यात मायचं नवं लुगडं आहे," म्हटलं. "ते तिले दे." आणि परत फिरले. रडत होते, आणि कोणाच्या नावानं रडावं तेही कळत नव्हतं. चंपतरावांनी मला दारात पाहिलं. बादली माझ्याकडे दिली आणि खटक्यापाशी जाऊन उभे राहिले.

बळीरामानं नंतर सांगितलं, शिबिरात आईचं नाव पुकारलं, तेव्हा तिनं त्याला विचारलं, "रुखमा आली का?" तो तिला उठवायला वाकला.

"नसन आली," आई म्हणाली. "पंप बिमार असन तिचा. त्याच्याजवळ कोनी तरी पाह्यजेच."

असं म्हणून ती रांगेतून उठली आणि बळीरामाच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेली.