नमुना स्वखुशीने दिला

“माझा हात मी दिला, बाय. माझ्याकडं नको येऊ, पेणला जा,” मंगळी त्या बाळंतिणीला सांगत होती. “तिकडं कालेजात सर हाय. प्रणित नाव त्याचं. तो देईल तुला औषध.”

पोरीच्या मांडीवरचं बाळ रडून रडून लाल झालं होतं. रोह्याहून रिक्षा करून ती एवढ्या आत, या वाडीवर आली होती.

“पेणला कुठं जाऊ आता? तुमीच द्या की आजी.”

“मी दिलं तर हाय तेवढं पन दूध आटंल. हात गेला माझा.”

खांद्याला पिशवी अडकवून अंगणात उभ्या असलेल्या सगुणाबाई म्हात्रेंना क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. पण चुकीच्या घरात आपल्याच विद्यार्थ्याचं नाव कसं निघेल?

सगुणाबाई पेणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर कॉलेजने आपलं संशोधन-नियतकालिक त्यांच्या गळ्यात घातलं. बिनपगारी संपादकपद दुसऱ्या कुणाला नकोच होतं. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की लोकांना देणाऱ्याचाच राग आला. उसना मजकूर सापडला की लेख परत. ज्याने कामाला हात लावला नाही त्याचं नाव लेखकांत दिसलं की थेट त्यालाच फोन. त्यापायी दोन विभागप्रमुख त्यांच्याशी बोलेनासे झाले होते.

तसं बोलणारं उरलं होतं तरी कोण? खाडीकाठच्या मिठागरावरल्या घरातून शिकून बाहेर पडलेली ही पहिली मुलगी. लग्न केलं नाही. भाऊ गेले, भाचरं आपापल्या संसारात. यायचा तो एकटा प्रणित. जोह्याच्या गणपतीच्या मूर्ती बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा, त्यांचा लाडका विद्यार्थी, आणि आता त्याच कॉलेजात प्राध्यापक. रविवारी यायचा, जेवायचा, गॅसची टाकी लावून द्यायचा, मोबाइलमध्ये बाईंनी जे काही बिघडवून ठेवलेलं असेल ते हसत हसत दुरुस्त करायचा. त्याच्यासाठीचं कालवण बाई शनिवारपासूनच मनात शिजवत असत.

मंगळीच्या औषधावरचा लेख त्याचाच होता. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती रानातला एक कंद द्यायची. त्या कंदाची ओळख आणि गुणधर्म, असा विषय. (कंदाचं नाव मीही इथे लिहिणार नाही. एवढं रामायण होऊनही लिहिलं, तर मग गोष्ट सांगण्यात काय अर्थ!) दोन तज्ज्ञांनी लेख वाचून पसंत केला होता. संमतीपत्रावर मंगळीचा अंगठा होता, लेखात तिचं नाव आणि फोटो. प्रणितची बढती या लेखावर अडली होती. लेख वेबसाइटवर आला, मग छापील अंकही आला. ज्याच्यावर लिहिलं त्याच्या हातात अंक पोचलाच पाहिजे, हा बाईंचा हट्ट. प्रणितला सवड होईना, म्हणून त्या स्वतःच एसटीत बसल्या. एकट्या माणसाला घराबाहेर पडायला निमित्त हवंच असतं.

पोरगी डोळे पुसत निघून गेली. मंगळीने चटई टाकली.

“कालेजातनं आलीस? तो नाय आला?”

“कामात हाय तो.” वाडीवर आल्या की बाईंची भाषा आपोआप माहेरी जायची. “हात दिला म्हंजे काय केलंस गो मावशी?”

“दिला म्हंजे दिला. मला सासूनं दिलाता. कंद हातात ठेवायचा, मूठ मिटायची, नाव कानात सांगायचं. मंग आपुन मोकळं. ज्यानं घेतला त्यानं पुढं द्यायचं औषध.”

“सून हाय ना तुला?”

“सोमा नि राणी डोलवीला ऱ्हातात, कंपनीच्या कामावर. राणीला इचारलं तर हसली. म्हनली, डब्यातलं दूध भेटतंय आता. तुझा सर मात्र परत परत आला. इथं बसला, आंबील प्याला. रानात कुठं जाता, कधी खनता, सगळं इचारलं. एवढं कुनी इचारलंच नव्हतं गो मला. म्हनलं, ह्यालाच देऊ. बायांना पेणला जावं लागंल, पन विद्या ऱ्हाईल.”

“नि अंगठा?”

“तो म्हनला, कागदावर अंगठा द्या. म्हनलं, बरं हाय. कागद करून घेतो म्हंजे नीट सांभाळंल.”

सगुणाबाईंना लेखातलं वाक्य आठवलं. ‘माहिती देणाऱ्या महिलेने नमुना स्वखुशीने दिला.’ त्यातला एक जादा स्वल्पविराम त्यांनी स्वतः काढला होता. वाक्य खरं होतं. खोटं असतं तर किती सोपं झालं असतं! लेख फेकून देऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या.

“हात परत येतो का मावशी?”

“घेतला त्यानंच माझ्या मुठीत परत ठेवला तर येतो.”

अंक पिशवीतच राहिला.

रविवारी प्रणित जेवायला बसल्यावर बाईंनी त्याला सगळं सांगितलं. आधी त्याला हसू आलं, मग घास हातातच राहिला.

“मॅडम, मला वाटलं सॅम्पल दिलं. डिपार्टमेंटच्या बरणीत आहे ते, स्पिरिटमध्ये.”

“तू फसवलं नाहीस, माहीत आहे मला. पण तिने दिलं एक आणि तू घेतलंस दुसरंच. याला संमती नाही म्हणता येत, प्रणित.”

“अंगठा आहे तिचा.”

“अंगठा आहे. आणि बायका तिच्या दारातून परत जातायत. लेख मागे घेऊ या. आणि तू एकदा जा, एक कंद तिच्या हातात ठेवून ये.”

“तुम्ही बॉटनीच्या ना मॅडम? हे मानता तुम्ही?”

“मी नाही मानत. ती मानते.”

“मार्चमध्ये इंटरव्ह्यू आहे माझा.” त्याचा आवाज चढला. “कारण कोण वाचतं? ‘लेख मागे घेतला’ एवढंच वाचतात आणि माणूस चोर ठरतो. इकडे लोकांचे कसले कसले लेख खपतात, आणि तुम्हाला माझाच दिसला?”

“नोंदीत मी स्पष्ट लिहीन, चूक संपादकाचीही आहे. इंटरव्ह्यूलाही मी येईन बोलायला.”

तो ताटावरून उठला. हात धुतले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, “पोटचा मुलगा असता तर त्याचाही लेख काढला असता का हो?”

“काढला असता,” बाई म्हणाल्या. तोवर तो जिना उतरून गेला होता.

नंतरचे काही दिवस बाईंनी काहीच केलं नाही. हे कुणाला माहीत होतं? मंगळीला वाचता येत नव्हतं. ती बाळंतीण काही अंक चाळायला येणार नव्हती. गप्प बसलं की झालं. प्रणित चार दिवस रुसेल आणि पुन्हा येईल. बाईंना भीती वाटत होती, आणि ती नियतकालिकाच्या अब्रूची नव्हती. रिकाम्या घराची होती. प्रणित तिकडे कुणापाशी बोलला असावा, कॉलेजमधून फोन आला, “बाई, कशाला उगाच खाजवून खरूज काढता?” आणि गंमत म्हणजे त्या फोननेच त्यांचं ठरलं. कुणी ‘कशाला’ म्हटलं की बाईंना ते काम केल्यावाचून चैन पडत नसे.

लेख मागे घेतला. माहिती देणाऱ्या स्त्रीला संमतीचा अर्थ वेगळा समजला होता आणि याची खातरजमा करणं संपादकाचं काम होतं, अशी नोंद बाईंनी लिहिली. वेबसाइटवरून मजकूर आणि फोटो काढायला लावले. वाटायचे राहिलेले अंक थांबवले. त्या रविवारी सवयीने दोघांचं कालवण केलं आणि ते मंगळवारपर्यंत पुरवून खाल्लं. प्रणितला तीनदा फोन लावला. तो उचलला गेला नाही.

मग त्या पुन्हा वाडीवर गेल्या. मंगळी ओट्यावर सुपात वालाच्या शेंगा घेऊन सोलत होती.

“त्याला आनलास?”

“येनार नाय गो तो. रागावलाय.”

“माझ्यावर?”

“माझ्यावर.”

“तुझ्याकडं येतो ना पन?”

“येत होता.”

मंगळीने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पाय आखडून घेऊन ओट्यावर जागा केली. बाई बसल्या.

“मावशी, त्याच्याबदली मी ठेवला कंद तुझ्या हातात तर?”

“तू घेतलाच नायस, तू काय देशील?” मंगळीचा आवाज रागाचा नव्हता. “आनि त्या कागदाचं काय केलंस?”

बाईंनी पिशवीतून नोंद काढून वाचून दाखवली. कठीण शब्द आला की थांबून तिच्या भाषेत सांगितला. मंगळी शेंगा खाली ठेवून ऐकत होती.

“माझं नाव नाय आलं त्यात,” ती म्हणाली.

“काढलं. कंदाचं पन काढलं, तुझं पन काढलं. फोटो पन. आता कुनाला काय कळनार नाय.”

मंगळीने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“कंदाचं काढलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “माझं ऱ्हाऊ द्यायचं होतंस.”

असं नाव ठेवता येत नाही, तसा नियमच आहे, असं सगुणाबाई सांगणार होत्या. पण काढण्याआधी तिला विचारावं हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि ती हातातच धरून बसल्या. मंगळीने शेंगांचं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. थोड्या वेळाने बाईंनी एक शेंग उचलली.